उभे मोटरहोम एअर सस्पेन्शनने पाणसळीत आणताना: क्रम, मापे आणि नेहमीच्या चुका

रात्री पॅनेलवरचा बुडबुडा नेमका मध्ये असतो. सकाळी उठावे तर अंघोळीच्या खोलीतले पाणी निचऱ्याच्या भोकाकडे पाठ फिरवून उलट्या कोपऱ्यात साचलेले, आणि बाजूच्या लॉकरचे दार घट्ट अडकलेले. बटण चुकीचे दाबले म्हणून असे क्वचितच होते. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो, आणि त्याच्या मुळाशी दोन गैरसमज असतात: एअर बॅग (ॲक्सलवर गाडीचे वजन पेलणारी हवेची रबरी पिशवी) म्हणजे जॅक, आणि दाबाचा काटा म्हणजे उंचीचे माप.

बॅग ही स्प्रिंग आहे. तिच्यातला दाब गुणिले तिचे काम करणारे क्षेत्रफळ म्हणजे तिने पेललेले वजन. संपूर्ण हवेवर चालणाऱ्या सस्पेन्शनमध्ये उभ्या गाडीचे वजन तेवढेच राहते. त्यामुळे हवा भरत गेलात तरी बॅग उंच होते, पण काटा फारसा हलत नाही. डावीकडे ३ बार आणि उजवीकडे ३ बार दिसले तर दोन्ही बाजूंवर साधारण सारखे वजन आहे एवढेच कळते, गाडी सपाट आहे की नाही ते कळत नाही. ज्या कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे तिथे सपाट गाडीतही दाब जास्तच दिसेल. म्हणून दोन्ही काटे सारखे करायच्या मागे लागू नका.

पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगच्या जोडीला बसवलेल्या सहायक बेलोंचे (मदतीच्या एअर बॅगांचे) गणित थोडे वेगळे असते. तिथे हवा भरली की पाट्यांवरचा भार बेलोवर येतो आणि उंचीबरोबर दाबही चढतो. तरीही माप घ्यायचे ते पाणसळीनेच.

## आधी हिशेब: हवा किती करू शकते?

एक अंश उतार म्हणजे दर मीटरला १७.५ मिलिमीटर. हा एक आकडा पाठ असला की अर्ध्या चुका टळतात.

पुढच्या आणि मागच्या चाकांत ४ मीटर अंतर आहे असे धरा. लांबीच्या दिशेने एक अंश सुधारायला एका टोकाला ७० मिलिमीटर फरक पाडावा लागतो, तीन अंशांना २१० मिलिमीटर. एवढी चाल बहुतेक सस्पेन्शनमध्ये नसते. फक्त मागच्या ॲक्सलवर सहायक बेलो असतील आणि त्यांनी मागची बाजू ५० मिलिमीटर उचलली, तर लांबीत पडणारा फरक जेमतेम ०.७ अंश.

रुंदीच्या दिशेने चित्र बरे आहे. एकाच ॲक्सलवरच्या दोन बॅगांत साधारण १ मीटर अंतर असेल तर एका अंशासाठी त्यांच्या उंचीत १७.५ मिलिमीटर फरक पुरतो. दोन अंशांना ३५ मिलिमीटर लागतील, म्हणजे एक बाजू २० ने उतरवली आणि दुसरी १५ ने चढवली की झाले. आडवा अँटी-रोल बार (गाडीला एका बाजूला कलू न देणारा दांडा) याला विरोध करतो, म्हणून प्रत्यक्षात हवेचा थोडा जास्त फरक ठेवावा लागतो.

यावरून कामाची वाटणी ठरते. लांबीचा उतार आधी जागा निवडून आणि चाकांखाली ठोकळे घालून मोडायचा. रुंदीचा उतार आणि शेवटचा बारीक फरक हवेने.

## टप्पा १: शून्य ठरवा (हे एकदाच करायचे, पण नीट)

गाडी सपाट म्हणजे तिच्यातले नेमके काय सपाट, हे आधी ठरवावे लागते. चॅसी, जमीन, ओटा आणि फ्रीज हे सगळे एकमेकांना तंतोतंत समांतर असतीलच असे नाही.

१. गाडीत गॅसवर चालणारा, कॉम्प्रेसर नसलेला ॲब्सॉर्प्शन फ्रीज असेल, तर त्याच्या फ्रीझर कप्प्याचा तळ हाच संदर्भ. अशा फ्रीजमध्ये अमोनियाचे द्रावण गुरुत्वाकर्षणाने नळ्यांतून खाली वाहते. नळी कलली की ते वाटेत थांबते, बॉयलर जास्त तापतो, आणि असे तासन्‌तास चालले तर फ्रीज कायमचा निकामी होऊ शकतो. कॉम्प्रेसरचा फ्रीज असेल तर मधल्या जागेची जमीन संदर्भ धरा.

२. ६० सेंटिमीटरची लेव्हल पट्टी घ्या. आधी तिलाच तपासा. एका जागी ठेवून बुडबुडा बघा, मग त्याच जागी टोकांची अदलाबदल करून ठेवा. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच बाजूला तेवढाच सरकला पाहिजे. तसे नसेल तर पट्टी खोटी आहे. मोबाइलचे ॲप वापरत असाल तर कॅमेऱ्याचा उंचवटा लक्षात घ्या. फोन पाठीवर ठेवला तर तो कललेलाच असतो, म्हणून कडेवर उभा धरून मोजा.

३. संदर्भाच्या जागी गाडी दोन्ही दिशांनी सपाट करा. त्यानंतरच चालकाजवळ किंवा पॅनेलजवळ दोन छोट्या चिकट पाणसळी लावा, एक लांबीची आणि एक रुंदीची. इलेक्ट्रॉनिक सेन्सर असेल तर त्याचे शून्यही याच क्षणी नोंदवा. आधी पाणसळ चिकटवून मग गाडी तिच्याप्रमाणे सपाट करणे म्हणजे तिची चूक कायमची गाडीवर लादणे.

४. गाडी प्रवासाच्या उंचीवर आणा आणि चारही चाकांशी हबच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजा. मग पूर्ण उतरवून मोजा, पूर्ण चढवून मोजा. हे बारा आकडे चालकाच्या दाराच्या आत चिकटवून ठेवा. पुढे अडचण आली की पहिला उपयोग यांचाच होतो.

लक्ष द्या: ॲब्सॉर्प्शन फ्रीजला किती कल चालतो ते त्याच्या पुस्तिकेत असते. अनेक मॉडेल्सना आडवा ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश अशी मर्यादा दिलेली असते. हे 'आडवा' आणि 'पुढे-मागे' फ्रीजच्या दारासमोर उभे राहून ठरवायचे असते, गाडीच्या तोंडावरून नव्हे. फ्रीज बाजूच्या भिंतीला लागून मधल्या वाटेकडे तोंड करून असेल, तर त्याचा आडवा कल म्हणजे गाडीचा लांबीचा कल. म्हणजे कडक मर्यादा नेमकी त्याच दिशेला पडते, जिथे हवा कमी पडते.

## टप्पा २: निघण्यापूर्वी गळतीची चाचणी

गळकी बॅग घेऊन पाणसळ साधणे म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी भरणे.

१. गाडी सपाट जागी लावा, चारही बॅगा प्रवासाच्या उंचीवर आणा, स्वयंचलित समतोल बंद करा.
२. चारही कोपऱ्यांची उंची आणि हवेचे तापमान लिहा.
३. १२ तासांनी, शक्यतो तेवढ्याच तापमानाला, पुन्हा मोजा.

चारही कोपरे सारखे आणि थोडेच उतरले असतील तर तो तापमानाचा परिणाम असू शकतो. एकच कोपरा १० मिलिमीटरहून जास्त खाली गेला असेल तर गळती शोधा. भांड्यांचा सौम्य साबण पाण्यात कालवून स्प्रेने मारा: आधी नळ्यांचे जोड, मग बॅगेच्या वरच्या-खालच्या कडा, शेवटी सोलेनॉइडचे (विजेवर उघडणाऱ्या झडपेचे) हवा सोडणारे तोंड. फेस फुगत राहिला की जागा सापडली.

दाबून बसवायच्या जोडातली गळती बहुतेकदा नळी तिरकी कापल्यामुळे असते. कात्रीने किंवा पक्कडीने नळी चेपते आणि टोक अंडाकृती होते. नळीकटरने किंवा नव्या पात्याने काटकोनात कापा, टोकावरचे ओरखडे गेलेत ना ते पाहा, जोडात शेवटपर्यंत ढकला आणि मग उलटी ओढून बघा. नळी सरकली नाही पाहिजे. एक्झॉस्टच्या जवळून किंवा धारदार कडेवरून गेलेली नळी आज गळत नसली तरी तिची जागा बदला.

टाकी असेल तर तिच्या तळाचा निचरा उघडून पाणी काढा. दाबलेल्या हवेतली वाफ टाकीत थंड होऊन साठते. तिथून ते पाणी व्हॉल्व्हमध्ये गेले की गंज धरतो आणि थंडीत गोठून व्हॉल्व्ह अडकवतो.

इशारा: फक्त हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. नळी सुटली किंवा व्हॉल्व्ह उघडला तर गाडी काही क्षणांत रबरी गुटक्यांवर (सस्पेन्शनची खालची हद्द अडवणाऱ्या ठोकळ्यांवर) बसते, आणि तुमच्या छातीला तेवढी जागा उरत नाही. खाली काम करायचे असेल तर चॅसीखाली वजनाला पुरणारे घोडे लावा.

## टप्पा ३: जागा घेणे आणि गाडी रोखणे

आत शिरल्याबरोबर इंजिन बंद करू नका. प्रवासाच्या उंचीवर असतानाच दोन्ही पाणसळी वाचा. गाडी दोन मीटर पुढे किंवा मागे घेऊन पुन्हा वाचा. अनेकदा एवढ्यानेच अर्धा उतार जातो, आणि तो फुकट जातो.

पुढची चाके सरळ करा. वळवलेले चाक आणि उतरलेली बॉडी यांची गाठ मडगार्डच्या आत पडते.

खाली वाकून बघा: मोठा दगड, खुंटी, झाडाचे बुंधे, गाडीचीच मैलापाण्याची नळी, उघडी पायरी, मागचा हूक. हवा सोडल्यावर हे सगळे जमिनीच्या अगदी जवळ येणार आहे. मागे लांब शेपूट असलेल्या गाडीत तर मागचा बंपर आधी टेकतो. वाळलेल्या गवतावर उभे असाल तर एक्झॉस्ट थंड होईपर्यंत गाडी उतरवू नका.

जमीन मऊ असेल तर चाकांखाली १८ ते २० मिलिमीटर जाडीचे, टायरपेक्षा रुंद असे प्लायवूडचे तुकडे टाका. रात्रीत एक टायर मातीत ३० मिलिमीटर रुतला तर दोष हवेला दिला जातो, आणि माणूस नसलेली गळती शोधत बसतो.

पिण्याच्या पाण्याची टाकी भरायची असेल तर आत्ताच भरा. १०० लिटर म्हणजे १०० किलो, तेही बहुधा एकाच बाजूला. सपाट केल्यानंतर भरले तर सगळे काम पुन्हा.

## टप्पा ४: ठोकळे

आता लांबीचा उतार मोजा. पाणसळीवर अंश असतील तर थेट, नसतील तर लेव्हल पट्टीचे खालचे टोक उचलून बुडबुडा मध्ये आणा आणि टोकाखालची फट मोजा. ६० सेंटिमीटरच्या पट्टीखाली १० मिलिमीटर म्हणजे साधारण एक अंश.

एक अंशाहून जास्त असेल तर सखल टोकाच्या दोन्ही चाकांखाली रॅम्प किंवा ठोकळे घाला. उंची आधीच्याच सूत्राने: अंश × १७.५ × दोन ॲक्सलमधले मीटर. पूर्ण उंची साधायचा हट्ट नको, शेवटचा एक अंश हवेवर सोडा.

- टायर संपूर्ण रुंदीने आणि टेकलेल्या पूर्ण लांबीने ठोकळ्यावर असला पाहिजे. कडेवर अर्धा लटकलेला टायर आतून तुटतो. आज ते दिसत नाही, हमरस्त्यावर दिसते.
- मागे जोडटायर असतील तर दोन्हींखाली सारखाच ठोकळा. एकच टायर चढला तर दुप्पट वजन त्याच्यावर.
- चढवल्यावर हँडब्रेक लावा आणि जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून आणि मागून अडण लावा.

तपासा: अडण लागले? चाके सरळ? खाली काही नाही? मुले आणि कुत्रा गाडीपासून दूर? मग पुढे.

## टप्पा ५: हवेचे काम, याच क्रमाने

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यात होतात, म्हणून सावकाश.

५.१ हवेचा साठा भरून घ्या. ब्रेकच्या टाकीतून हवा घेणाऱ्या मोठ्या चॅसीवर इंजिन चालू ठेवून कॉम्प्रेसर आपोआप थांबेपर्यंत टाक्या भरा. हा दाब साधारण ८ ते ९ बार असतो. लहान १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरला चार्जर किंवा इंजिनचा आधार द्या. तो सहज १५ ते ३० अँपिअर खेचतो. व्होल्टेज पडले की तो रडत चालतो आणि तापून बंद होतो. त्याच्या पट्टीवरचे कार्यचक्र वाचा: २० टक्के म्हणजे २ मिनिटे काम आणि ८ मिनिटे विश्रांती.

५.२ लेव्हल मोड लावा. मोठ्या गाड्यांत उंची सांभाळणारे यांत्रिक व्हॉल्व्ह असतात. त्यांची एकच जिद्द असते, गाडी प्रवासाच्या उंचीवर ठेवणे. लेव्हल मोडमध्ये ते बाजूला काढले जातात. मोड न लावता हवा सोडलीत तर एकीकडे तुम्ही सोडता आणि दुसरीकडे व्हॉल्व्ह भरतो. गाडी "ऐकत नाही" म्हणतात ती बहुधा हीच.

५.३ आधी उतरवा, मग चढवा. उंच असलेली बाजू खाली आणणे हा पहिला उपाय. कारण साधे आहे: उतरवायला कॉम्प्रेसर लागत नाही, आणि बॅग रबरी गुटक्यावर बसली तर तो कोपरा त्याहून खाली जाऊच शकत नाही, रात्री गळती झाली तरी. गाडी कमी डुलते आणि पायरीही खाली येते. चढवलेली प्रत्येक बॅग मात्र रात्रभर हवेच्या भरवशावर असते. उतरवून भागले नाही तरच सखल बाजू चढवा.

सहायक बेलोंच्या बाबतीत उतरवण्याला तळ आहे. निर्मात्याने दिलेल्या किमान दाबाखाली जाऊ नका; अनेक बेलोंना तो ०.३ ते ०.५ बारच्या आसपास असतो. रिकाम्या बेलोची घडी चुकीची पडते आणि चिमटा बसून रबर कापले जाते.

५.४ आधी लांबी, मग रुंदी. पुढच्या दोन्ही किंवा मागच्या दोन्ही बॅगा एकदम बदलून लांबी साधा, आणि मगच डावी-उजवी करा. उलटे का नको? लांबी बदलताना डावीकडची आणि उजवीकडची बॅग अगदी सारखी कधीच हलत नाही, त्यामुळे आधी साधलेली रुंदी पुन्हा बिघडते.

५.५ एकटा कोपरा कधीच नाही. चार बटणे दिली आहेत म्हणून ती एकेक दाबायची असतात असे नाही. डाव्या दोन, उजव्या दोन, पुढच्या दोन किंवा मागच्या दोन, अशा जोडीनेच काम करा. एकच कोपरा उचलला की वजन त्याच्यावर आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर जाते, उरलेले दोघे हलके होतात आणि चॅसी पिळली जाते. खिडकी कुरकुरणे, दार चौकटीला घासणे, लॉकर न लागणे ही पिळाची लक्षणे. ती दिसली तर दुरुस्त्या करत बसू नका. प्रवासाच्या उंचीवर परत या आणि क्रम पहिल्यापासून सुरू करा. ज्या गाड्यांत पुढच्या दोन बॅगा एकाच नळीवर असतात त्यांत हा धोका कमी. तिथे गाडी तीन पायांच्या तिवईसारखी उभी असते, आणि तिवई पिळली जात नाही.

५.६ छोटे झटके, लांब थांबे. बटण २-३ सेकंद दाबा, सोडा, १० सेकंद थांबा, मग बुडबुडा वाचा. बुशांतले (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या अस्तरांतले) घर्षण आणि अँटी-रोल बार बॉडीला धरून ठेवतात आणि मग एकदम सोडतात. बुडबुड्याकडे बघत बटण दाबून ठेवणारा प्रत्येक वेळी पुढे निघून जातो, मग उलटे दाबतो, मग पुन्हा. टाकीतली हवा अशीच संपते.

५.७ वरच्या टोकाला भिडू नका. मोजलेल्या कमाल उंचीच्या २०-२५ मिलिमीटर आधी थांबा. बऱ्याच गाड्यांत वरची हद्द शॉक ॲब्सॉर्बरच अडवतो, आणि पूर्ण ताणलेल्या शॉकवर रात्रभर गाडी टांगून ठेवणे त्याला मानवत नाही.

किती बारीक जायचे? रुंदीत अर्धा अंश आणि लांबीत एक अंश भरपूर झाला. खरे तर मोरीच्या भोकाकडे आणि पलंगाच्या पायांकडे अर्धा अंश मुद्दाम ठेवणारे जास्त सुखी असतात.

इशारा: गाडी उतरत असताना चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत कोणाचा हात नको. बटण दाबणाऱ्याला चारही चाके दिसत नाहीत, दुसरा माणूस बाहेर उभा करा.

## टप्पा ६: अर्धा तास सोडून द्या

भरताना दाबलेली हवा गरम असते. ती थंड होते, टायर जमिनीत बसतात, बुशांमधला ताण सुटतो. ३० मिनिटांनी पाणसळी पुन्हा वाचा आणि एकदाच दुरुस्ती करा. या अर्ध्या तासात फ्रीज गॅसवर लावला तरी चालेल, पण तो मर्यादेच्या आत आहे हे बघून.

रात्रीच्या तापमानाचा हिशेबही आत्ताच करा. संध्याकाळी ३० अंश सेल्सिअस असताना भरलेली हवा पहाटे १० अंशांवर सुमारे ६.६ टक्के आकसते. बॅगेत २५० मिलिमीटर हवेचा स्तंभ असेल तर ती साधारण १६ मिलिमीटर उतरते, १५० असेल तर १०. सगळ्या बॅगा सारख्याच उंच असत्या तर गाडी सरळ खाली आली असती आणि कोणाला कळलेही नसते. त्रास असमान उंचीमुळे होतो. या उदाहरणात ६ मिलिमीटर फरक, १ मीटर अंतरावर, म्हणजे जवळजवळ ०.३५ अंश कल, आणि तो चढवलेल्या बाजूकडे. म्हणून थंड रात्री चढवलेली बाजू किंचित जास्त ठेवा.

## टप्पा ७: आधाराचे पाय आणि सरकत्या खोल्या

गाडी सपाट झाल्यानंतरच कोपऱ्यांचे आधारपाय खाली सोडा. ते डुलणे थांबवण्यासाठी आहेत, उचलण्यासाठी नाहीत. जमिनीला टेकले की अर्धा फेरा आणखी, बस.

हवेच्या गाडीत इथे एक सापळा आहे. रात्री बॅग उतरली की तिच्यावरचे वजन त्या बारीक पायावर येते. पाय वाकतो किंवा चॅसीला पीळ बसतो. बॅगा रबरी गुटक्यांवर बसल्या असतील तर पाय निर्धास्त लावा. हवेवर तरंगत असतील तर पहाटेची थंडी धरून पाय जरा सैल ठेवा आणि सकाळी बघा.

सरकत्या खोल्या (भिंतीतून बाहेर सरकणारे भाग) गाडी सपाट करण्याआधी काढायच्या की नंतर, याचे उत्तर त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत असते, आणि ते गाडीगणिक बदलते. समान नियम एवढाच: खोली सरकत असताना चॅसीला पीळ नको आणि बॅगा हलत असायला नकोत.

पाण्याची, मैलापाण्याची नळी आणि वीजेची केबल जोडताना १५-२० सेंटिमीटर ढील ठेवा. गाडी सकाळी चढणार आहे.

## टप्पा ८: रात्रीचा स्वयंचलित समतोल

चालू ठेवायचा का? पहिली पुनर्दुरुस्ती झाली की बंद करणे उत्तम. चालू असेल तर कोणी कुशीवर वळले की सेन्सर जागा होतो, व्हॉल्व्ह फुसफुसतात, कॉम्प्रेसर घरघरतो. २० अँपिअर खेचणारा कॉम्प्रेसर ३ मिनिटे चालला तर १ अँपिअर-तास जातो. एकदा-दोनदा काही नाही, रात्रीत दहा वेळा म्हणजे १० अँपिअर-तास.

दुसरा तोटा मोठा आहे. स्वयंचलित समतोल गळती लपवतो. आठवडाभर गाडी छान सपाट दिसते, आणि ज्या दिवशी बॅटरी पडते त्या दिवशी एक कोपरा बसलेला सापडतो. मुक्काम लांबचा असेल आणि तो चालूच ठेवायचा असेल तर सहनशीलता एक अंशापर्यंत सैल करा, आणि कॉम्प्रेसर रात्रीत किती वेळा लागला ते मोजा.

## टप्पा ९: निघताना उलटा क्रम

१. नळ्या आणि केबल काढा.
२. आधारपाय पूर्ण वर. एकही पाय खाली असताना गाडी चढवू किंवा उतरवू नका.
३. सरकत्या खोल्या आत, पुस्तिकेतल्या क्रमाने. पायरी आत.
४. इंजिन चालू करा, ट्रॅव्हल मोड लावा, टाक्या भरू द्या.
५. गाडी प्रवासाच्या उंचीवर आली की खाली उतरा आणि चारही कोपरे दारावरच्या तक्त्याशी ताडून बघा. ५-१० मिलिमीटर इकडेतिकडे चालते. ठोकळ्यांवर असाल तर खाली उतरल्यावर सपाट जागी पुन्हा मोजा.
६. हँडब्रेक लागलेला आहे हे बघून मग अडण काढा.

उंचीवर येण्याआधी हँडब्रेक सोडू नका. बॅग हलते तेव्हा ॲक्सलचा हात चापात फिरतो आणि चाकाला किंचित पुढेमागे सरकायचे असते. ब्रेकने ते धरून ठेवलेले असते. ताण साठलेला असताना ब्रेक सुटला तर गाडी झटका देते.

उतरलेल्या गाडीने "फाटकापर्यंतच" जाणेही टाळा. टायर मडगार्डला घासतो, फिरत्या शाफ्टचे सांधे चुकीच्या कोनात चालतात आणि पहिल्याच खड्ड्यात सगळा धक्का रबरी गुटका घेतो. रुंदीत उतरवलेली बाजू तशीच राहिली तर वळणावर गाडी आधीच कललेली असते.

## लक्षण आणि कुठे बघायचे

एकच कोपरा रोज उतरतो: त्या बॅगेचा जोड, तिची खालची घडी, तिचा सोलेनॉइड. सोडायच्या तोंडातून बारीक फुसफुस येत असेल तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा आहे. त्या कोपऱ्याची हवा चार-पाच वेळा भरून सोडा, बहुतेकदा कचरा उडून जातो.

एका ॲक्सलच्या दोन्ही बॅगा सारख्या उतरतात: दोघींची सामाईक नळी किंवा व्हॉल्व्हचा गठ्ठा.

टाकीचा दाब पडतो, गाडी जागेवर राहते: टाकीचा निचरा, कॉम्प्रेसरकडची, हवा परत जाऊ न देणारी झडप. बॅगांना हात लावू नका.

कॉम्प्रेसर चालतो पण गाडी चढत नाही: आधी फ्यूज आणि चालू असतानाचे व्होल्टेज, मग हवेचा फिल्टर, मग सुटलेली नळी. आवाज नेहमीपेक्षा हलका असेल तर हवा कुठेतरी मोकळी जाते आहे. आवाज जड असेल तर सोलेनॉइड उघडत नाही किंवा नळीत पाणी गोठले आहे.

इंजिन चालू करताच गाडी आपोआप वर येते: बिघाड नाही. तुम्ही लेव्हल मोडमधून बाहेर आलात.

बुडबुडा मध्ये, तरी फ्रीज थंड करत नाही: पाणसळ फ्रीजच्या तळाशी ताडून पाहा. चिकटवलेली पाणसळ उन्हाने सरकली असेल, किंवा टप्पा १ कधी झालाच नसेल.